हितसंबंध, रस आणि ताटस्थ्य : ‘डिसइंटरेस्टेड’ या शब्दाचा इतिहास

इंग्रजीच्या शुद्ध वापराविषयी लिहिलेल्या पुस्तकांत ‘डिसइंटरेस्टेड’ आणि ‘अनइंटरेस्टेड’ या दोन शब्दांतील भेद समजावून देणारा परिच्छेद सहसा चुकत नाही. विषयात ज्याचा स्वतःचा लाभ गुंतलेला नाही तो पहिला. विषयाची ज्याला गोडीच नाही तो दुसरा. न्यायाधीश पहिल्या प्रकारचा असावा, दुसऱ्या प्रकारचा नसावा, हे उदाहरणही ठरलेलेच. त्यानंतर बहुधा एक तक्रार येते : हल्लीचे लोक निष्काळजीपणाने पहिला शब्द दुसऱ्याच्या अर्थाने वापरू लागले आहेत आणि त्यामुळे भाषेतील एक मोलाचा शब्द वाया चालला आहे. ही तक्रार विसाव्या शतकात वारंवार केली गेली आणि ती अद्याप संपलेली नाही.

कोशांतील पुरावा मात्र या तक्रारीला पुरेसा अनुकूल नाही. ‘ज्याचे मन गुंतलेले नाही असा’ हा जो अर्थ आज चुकीचा म्हणून दाखविला जातो, तोच या शब्दाचा आरंभीचा नोंदलेला अर्थ आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी जॉन डन याने आत्महत्येच्या प्रश्नावर लिहिलेल्या ‘बायाथॅनाटॉस’ या ग्रंथात तो आढळतो. उलट ‘अनइंटरेस्टेड’ हा शब्द त्याच शतकात ‘निःपक्षपाती’ या अर्थाने वापरात होता. अठराव्या शतकात दोघांनी जणू जागा बदलल्या. १८९० च्या दशकात ऑक्सफर्ड कोशाचे काम ‘डी’ या अक्षरापर्यंत पोहोचले तेव्हा संपादकांनी ‘डिसइंटरेस्टेड’च्या जुन्या अर्थापुढे, तो लुप्त झाला असावा, अशी शंकेची खूण केली होती, १९३३ च्या पुरवणीत ती खूण मागे घ्यावी लागली. तेव्हा ज्याला भ्रष्टता म्हटले जाते ते वस्तुतः एका जुन्या अर्थाचे पुनरागमन आहे.

एवढ्याने वाद मिटतो असे नाही. शब्दाचा पहिला अर्थ तोच खरा अर्थ असा काही नियम नाही, आणि मधल्या दोनअडीचशे वर्षांत या शब्दाने नीतिशास्त्र, राज्यकारभार, न्यायदान आणि साहित्यसमीक्षा या चारही क्षेत्रांत जे काम केले ते दुसऱ्या कोणत्या शब्दाने केले नसते. महत्त्वाचा प्रश्न वेगळा आहे. नकारवाचक उपसर्ग स्थिर राहिला. ज्याचा नकार करावयाचा ती वस्तू, म्हणजे ‘इंटरेस्ट’, मात्र बदलत गेली. मराठी समीक्षेत ‘तटस्थता’ नावाने वावरणाऱ्या अपेक्षेचे एक मूळ या इंग्रजी शब्दात असल्याने, नेमके काय नाकारले जात आहे हा प्रश्न मराठी अभ्यासकालाही टाळता येण्याजोगा नाही.

‘इंटरेस्ट’ हा शब्द ज्या लॅटिन क्रियापदापासून आला त्याचा अर्थ ‘मध्ये असणे’, आणि त्यावरून ‘फरक पडणे’. मध्ययुगीन ख्रिस्ती धर्मशास्त्राने कर्जावरील वाढ घेणे निषिद्ध मानले होते. परंतु ऋणकोने वेळेवर फेड न केल्याने धनकोचे जे नुकसान होई, म्हणजे त्याची प्रत्यक्ष स्थिती आणि फेड झाली असती तर असती ती स्थिती यांच्या ‘मध्ये’ जी तफावत पडे, तिची भरपाई मागण्यास कायदेपंडितांची हरकत नव्हती. वाढीला पापाचे नाव होते, भरपाईला ‘इंटरेस्ट’ हे सभ्य नाव मिळाले. हळूहळू सभ्य नावाखाली निषिद्ध वस्तूही खपू लागली. इंग्लंडमध्ये १५४५ च्या कायद्याने शेकडा दहापर्यंतचे व्याज चालू दिले, १५५२ मध्ये ती मुभा काढून घेतली आणि १५७१ मध्ये ती काही अंशी पुन्हा दिली. व्याजाच्या जोडीने मालमत्तेतील कायदेशीर हक्क किंवा वाटा हाही अर्थ रूढ होता. याच हिशेबी शब्दाला पुढे राजकारणाने उचलले. १६३८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या द्यूक द रोआं याच्या ग्रंथात राजांनाही हुकूम देणारी शक्ती म्हणून ‘हित’ उभे राहते, आणि त्या शतकात इंग्रजी राजकीय लेखनात हा शब्द सर्वत्र दिसू लागतो. माणूस विकारांनी नव्हे, हिताने चालतो, म्हणून त्याच्या वागण्याचा अंदाज बांधता येतो, ही कल्पना भांडवलशाहीच्या समर्थनाला कशी उपयोगी पडली याचे विवेचन अॅल्बर्ट हर्शमन यांनी १९७७ मधील आपल्या ग्रंथात केले आहे.

सर्व व्यवहाराच्या मुळाशी हित आहे असे एकदा ठरले की, हिताच्या पलीकडचे काही आहे की नाही हा प्रश्न आपोआप निर्माण होतो. तो प्रथम धर्माच्या क्षेत्रात निर्माण झाला. फ्रान्समध्ये आर्चबिशप फेनेलाँ याने १६९७ मध्ये, ईश्वरावरील शुद्ध प्रेमात स्वतःच्या मोक्षाचीही अपेक्षा नसावी, असे प्रतिपादन केले; बोस्युए याने त्यावर हल्ला चढविला आणि १६९९ मध्ये पोपने फेनेलाँच्या ग्रंथातील तेवीस विधाने दोषी ठरविली. भक्ताने मोक्ष नाकारावा ही भूमिका वारकरी परंपरेच्या वाचकाला फारशी चमत्कारिक वाटणार नाही. रोमला ती घातक वाटली.

इंग्लंडमध्ये हा विचार तिसरा अर्ल ऑफ शाफ्ट्सबरी याने उचलला. १७११ मध्ये संकलित झालेल्या त्याच्या ‘कॅरॅक्टरिस्टिक्स’मध्ये, बक्षीस व शिक्षा यांच्यावर उभारलेला सदाचार हा सदाचारच नव्हे, असा हॉब्जच्या विरोधातील युक्तिवाद आहे. त्याच ग्रंथातील एका संवादात समुद्राचे उदाहरण येते. समुद्राच्या सौंदर्याने मोहित झालेल्या माणसाला त्यावर सत्ता गाजवावीशी वाटली तर ते हास्यास्पद ठरेल. समुद्राशी विवाहविधी करणाऱ्या व्हेनिसच्या अधिपतीपेक्षा कड्यावर पहुडलेल्या गरीब मेंढपाळाला समुद्र अधिक लाभलेला असतो. जेरोम स्टॉलनिट्झ यांनी १९६१ मधील एका निबंधात आधुनिक सौंदर्यशास्त्रातील हितनिरपेक्षतेचा उगम या परंपरेत दाखविला, तो प्रामुख्याने अशा उताऱ्यांच्या आधारे.

मेंढपाळ समुद्राचा धनी होतो तो अर्थात एका अर्लच्या संवादात. ज्या वर्षी हा ग्रंथ प्रसिद्ध झाला त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने केलेल्या कायद्यानुसार परगण्याच्या प्रतिनिधीला जमिनीचे वार्षिक सहाशे पौंड आणि शहराच्या प्रतिनिधीला तीनशे पौंड उत्पन्न असणे आवश्यक ठरले. कायदा टोरींनी आणलेला, शाफ्ट्सबरी व्हिग. पण त्यामागील गृहीत दोघांना समान होते. ज्याचे पोट जमिनीवर निश्चिंत आहे त्याला विकत घेता येत नाही. म्हणून सार्वजनिक हिताचा निवाडा त्याने करावा. हितनिरपेक्षता हा सद्गुण असा एका विशिष्ट प्रकारच्या हितावर उभा होता. टेरी ईगल्टन यांनी १९९० मध्ये सौंदर्यशास्त्राच्या विचारप्रणालीविषयी लिहिताना आणि पिएर बोर्द्यू यांनी १९७९ मध्ये फ्रेंच समाजातील अभिरुचीविषयी लिहिताना या शब्दावर जो संशय घेतला आहे त्याला ऐतिहासिक आधार आहे तो येथे. बोर्द्यूंच्या मते गरजेपासून मिळालेले अंतर हीच ‘शुद्ध’ दृष्टीची पूर्वअट असते.

मात्र या शब्दाला आणखी एक वळण आहे आणि ते न्यायालयातून जाते. १८५२ मध्ये ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे डाइम्स विरुद्ध ग्रँड जंक्शन कालवा कंपनी हा खटला आला. लॉर्ड चॅन्सेलर कॉटनहॅम याने कंपनीच्या बाजूने दिलेला हुकूमनामा कायम केला होता. कंपनीत त्याचे समभाग आहेत हे नंतर उघड झाले. कॉटनहॅमच्या मनावर या समभागांचा तिळमात्र परिणाम झाला असेल असे कोणीही म्हणणार नाही, हे सरदारसभेने स्पष्टपणे नोंदविले, आणि तरीही त्याचा निर्णय रद्द ठरविला. पुढे गुणावगुणांवर विचार करता निकाल कंपनीच्याच बाजूने कायम झाला. म्हणजे अंतिम फळ तेच. पण पहिला निर्णय टिकू शकला नाही.

या खटल्यात हा शब्द जितका स्वच्छ दिसतो तितका तत्त्वज्ञांच्या लेखनातही क्वचित दिसतो. येथे ‘डिसइंटरेस्टेड’ असणे ही मनाची अवस्था नाही. ती एक स्थिती आहे. न्यायाधीश मनाने कितीही निर्मळ असो, समभाग आहेत म्हणजे हितसंबंध आहे. उलट, वादी-प्रतिवादींच्या कहाणीने तो हेलावून गेला तरी तो हितसंबंधी ठरत नाही. अलिप्त चेहरा, थंड स्वर, भावनांचा अभाव यांचा या अर्थाशी काही संबंध नाही. समीक्षेत या शब्दाचा जो घोटाळा झाला त्याचे मूळ, स्थितिवाचक शब्द मनोवस्थावाचक होण्यात आहे.

हे स्थित्यंतर प्रथम ‘इंटरेस्ट’चेच झाले. अठराव्या शतकाच्या आरंभी ‘इंटरेस्टिंग’ म्हणजे ज्यात कोणाचे हित गुंतले आहे असे, महत्त्वाचे. १७६८ मध्ये लॉरेन्स स्टर्नच्या ‘सेंटिमेंटल जर्नी’त त्याचा अर्थ मन वेधून घेणारे असा होतो. भावनाप्रधान साहित्याच्या काळात वाचकाचे मन वेधणे हेच लेखकाचे भांडवल बनावे हे साहजिक होते. वाटा असणे आणि लक्ष असणे या दोन गोष्टी एका शब्दात आल्या, आणि हळूहळू नित्याच्या बोलण्यात दुसरीने पहिलीला मागे सारले. रेमंड विल्यम्स यांनी ‘कीवर्ड्‌स’मध्ये (१९७६) या शब्दाची नोंद करताना, कुतूहलासाठी वापरला जाणारा आपला सर्वसामान्य शब्द मालमत्ता व वित्त यांच्या व्यवहारातून यावा, याकडे लक्ष वेधले आहे. ‘इंटरेस्ट’चा प्रधान अर्थ लक्ष असा झाल्यावर ‘डिसइंटरेस्टेड’चा अर्थ लक्ष नसलेला असा होणे हे तर्कशुद्ध आहे. व्याकरणाचे रक्षक शाखेवर ओरडतात. बदल बुंध्यात झालेला असतो.

याच संधिकाळात, १७९० मध्ये, कांटने अभिरुचीच्या निर्णयाचे पहिले लक्षण सांगितले : तो हितसंबंधरहित असतो. कांटची व्याख्या काटेकोर आहे. वस्तूच्या अस्तित्वाच्या कल्पनेशी जोडलेला आनंद म्हणजे ‘इंटेरेसे’. समोरचा राजवाडा सुंदर आहे का असे विचारले असता, असल्या डामडौलाचा तिटकारा वाटतो, किंवा पॅरिसमध्ये खाणावळीच अधिक आवडल्या असे म्हणणाऱ्या इरोक्वाय सरदाराप्रमाणे उत्तर दिले, तर ते उत्तर चुकीचे नसते. ते दुसऱ्याच प्रश्नाचे असते. एका तळटीपेत तो असेही सांगतो की एखादा निर्णय पूर्णतः हितसंबंधरहित असूनही अत्यंत ‘इंटरेस्टिंग’ असू शकतो. शुद्ध नैतिक निर्णय असे असतात. तेव्हा कांटच्या रसिकाला कंटाळलेला किंवा कोरडा समजण्यास त्याच्या ग्रंथात काहीही आधार नाही. हॅझ्लिटने १८०५ मधील आपल्या पहिल्या ग्रंथात मानवी मनाची स्वाभाविक हितनिरपेक्षता सिद्ध करण्याचा प्रयत्न केला, त्याची दिशा तर याहून उलटी होती. उद्याचा ‘मी’ आज कोणी अनुभवलेला नाही. त्याच्या सुखदुःखापर्यंत पोहोचावयाचे ते कल्पनेने, आणि परक्याच्या सुखदुःखापर्यंतही कल्पनेनेच. म्हणून स्वार्थ हा परार्थापेक्षा अधिक नैसर्गिक नाही. येथे हितनिरपेक्षता म्हणजे दूर उभे राहणे नव्हे, दुसऱ्याजवळ जाणे आहे. कीट्सला हा ग्रंथ का भावला असेल ते सहज उमगते.

साहित्यसमीक्षेत हा शब्द कायमचा बसविला तो मॅथ्यू आर्नल्डने. ‘सद्यःकाली समीक्षेचे कार्य’ या १८६४ मधील व्याख्यानात त्याने इंग्रजी समीक्षेचा नियम या एका शब्दात सांगितला. नियतकालिके पक्षांची आहेत, प्रत्येक पंथाचे आपले मुखपत्र आहे. समीक्षेने या व्यावहारिक हेतूंपासून दूर राहावे, असा त्याचा आग्रह. पण याच निबंधात, अँग्लो-सॅक्सन वंशाच्या श्रेष्ठत्वाचे गोडवे गाणाऱ्या दोन राजकारण्यांच्या भाषणांसमोर तो वर्तमानपत्रातील एक लहानशी बातमी ठेवतो : नॉटिंगहॅमच्या अनाथालयातून बाहेर पडलेली रॅग आडनावाची मुलगी, टेकडीवर सापडलेले तिच्या अनौरस मुलाचे प्रेत, आणि मुलगी कोठडीत असल्याचे शेवटचे कोरडे वाक्य. मध्येच तो इंग्रजी आडनावांच्या कुरूपतेवर घसरतो, हे खरे. तरीही हा उतारा लिहिणारा माणूस शांत नाही, संतापलेला आहे. त्याची हितनिरपेक्षता पक्षांच्या सोयीपासूनची आहे, रॅगपासूनची नाही.

आर्नल्डच्या या निबंधात भारतीय वाचकाला थांबविणारे एक स्थळ आहे. समीक्षेने व्यवहाराचे क्षेत्र सोडण्याला तो अलिप्ततेचा ‘भारतीय’ सद्गुण म्हणतो. हा उल्लेख ओझरता नाही. १८४८ मध्ये क्लफ या आपल्या मित्राला लिहिलेल्या पत्रांत तो भगवद्गीतेविषयी उत्साहाने लिहितो, आणि कर्माचा त्याग व कर्मफलाचा त्याग यांत भारतीय भेद करतात, दुसरा त्याग हाच गीतेचा मुख्य विषय आहे, हे त्याने नेमके टिपलेले आहे. सोळा वर्षांनंतरच्या व्याख्यानात मात्र अलिप्तता आणि व्यवहाराचा त्याग या गोष्टी एकाच वाक्यात जोडल्या जातात. पत्रातला सूक्ष्म भेद व्याख्यानात पुसला गेला. याच भेदासाठी लोकमान्य टिळकांना मंडालेच्या तुरुंगात शेकडो पाने लिहावी लागली. १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’चा मुख्य रोख संन्यासपर भाष्यांवर असला तरी हॉब्जसारख्यांच्या स्वार्थवादाचाही त्यात परामर्श आहे. फलाशा सोडावी, कर्म सोडू नये. या सूत्रात हितसंबंध नाकारला आहे, सहभाग नाकारलेला नाही. डाइम्स खटल्यातील न्यायाधीशाचे आणि टिळकांच्या कर्मयोग्याचे नाते या बाबतीत आर्नल्डच्या ‘भारतीय’ समीक्षकापेक्षा जवळचे आहे.

मराठीत हा इंग्रजी शब्द उतरविताना तटस्थ, अलिप्त, निरपेक्ष, निःस्वार्थ, अनासक्त असे अनेक पर्याय वापरले गेले. त्यांत एक शब्द सहसा येत नाही, तो म्हणजे ‘उदासीन’. वस्तुतः इतिहासाच्या दृष्टीने तो सर्वांत जवळचा. संस्कृतात उदासीन म्हणजे बाजूला बसलेला. कौटिल्याच्या मंडलसिद्धान्तात तो कोणत्याही गटात नसलेला, परंतु समर्थ असा राजा असतो. सांख्यांचा पुरुष उदासीन असतो. गीतेत तर ईश्वराच्या आणि भक्ताच्या वर्णनातही हा शब्द येतो. आजच्या मराठीत मात्र रस्त्यांच्या दुरवस्थेबाबत प्रशासन उदासीन असते. संस्कृतातील निःपक्षपाती मराठीत बेफिकीर झाला. इंग्रजीने तीन शतकांत जो प्रवास केला तोच या शब्दानेही केला आहे, आणि त्यासाठी कोणा निष्काळजी पिढीला जबाबदार धरले गेल्याचे ऐकिवात नाही.

‘तटस्थ’ची अडचण निराळी आहे. समीक्षेच्या परिभाषेत तो रूढ झाला खरा, पण संस्कृत काव्यशास्त्राने ताटस्थ्याला रसास्वादाचा अडथळा मानले होते. भट्टनायकाचा आक्षेप मम्मटाने संक्षेपाने दिला आहे : रस परक्याचा म्हणून तटस्थपणे प्रतीत होत नाही आणि स्वतःचा म्हणूनही होत नाही. साधारणीकरणाच्या विवेचनात तर हे माझे, हे शत्रूचे, हे तटस्थाचे, अशी संबंधांची यादी येते आणि त्यांपैकी एकाचाही स्वीकार वा परिहार निश्चित होत नाही असे सांगितले जाते. काठावर उभे राहणे हादेखील एक संबंधच, ही या विवेचनातील मर्मदृष्टी. कांटचा सिद्धान्त निर्णयाविषयीचा आहे आणि भट्टनायक-अभिनवगुप्तांचा आस्वादाविषयीचा, तेव्हा दोघांना एका मापाने मोजणे धोक्याचे. पण कांटचा शब्द ‘तटस्थ’ने उतरविला की मराठी वाचकापुढे नेमका तो मनुष्य उभा राहतो ज्याला काव्यशास्त्राने रंगमंडपाबाहेर ठेवले होते. त्यात भर म्हणजे ‘इंटरेस्ट’चा गोडी हा अर्थ मराठीत ‘रस’ याच शब्दाने व्यक्त होतो. राजकारणात रस नाही, क्रिकेटमध्ये रस आहे. अशा भाषेत हितसंबंध नसलेला पण रस असलेला हा अर्थ सांगणे सोपे असावयास हवे होते. एका शब्दाच्या हव्यासापायी ते अवघड होऊन बसले.

हा केवळ परिभाषेचा प्रश्न राहिला नाही. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) या ग्रंथात सौंदर्यविचाराचे लौकिकतावादी व अलौकिकतावादी असे दोन ध्रुव दाखविले आणि कांटची चिकित्सा मराठीत गंभीरपणे केली. तेथे शब्द सावधपणे वापरलेले आहेत. परीक्षणांच्या आणि चर्चासत्रांच्या पातळीवर ती सावधगिरी टिकली नाही. दलित साहित्य प्रचारकी आहे, त्यात आक्रोश फार आहे, लेखकाला अनुभवापासून अलिप्त होता आलेले नाही, हे आक्षेप वारंवार घेतले गेले. शरणकुमार लिंबाळे यांनी ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ (१९९६) मध्ये त्यांना उत्तर देताना आनंद हा निकषच नाकारला. आक्षेप आणि उत्तर या दोहोंत ‘अलिप्तता’ हा शब्द मनोवस्थेच्या अर्थाने गृहीत धरलेला आहे. १८५२ चा अर्थ घेतला असता तर प्रश्न लेखकाला नव्हे, समीक्षकाला विचारावा लागला असता : ज्या समाजरचनेचे वर्णन या लेखनात आहे तीत समीक्षकाचे समभाग आहेत की नाहीत? आत्मकथन लिहिणाऱ्याने संतापू नये अशी अपेक्षा हितनिरपेक्षतेच्या तत्त्वातून निघत नाही. निवाडा करणाऱ्याने आपला वाटा उघड करावा ही मात्र निघते. लिंबाळ्यांनी निकष टाकून दिला, त्याचा प्रतिपक्षाच्या पाठीमागे लागून उपयोग करून घेतला नाही, हे त्यांच्या मांडणीतील एक न्यून म्हणावे लागेल.

या सर्व चर्चेत मराठीतील एक शब्द दुर्लक्षित राहिला आहे. संस्कृतात ‘व्याज’ म्हणजे निमित्त, बहाणा. व्याजस्तुती आणि व्याजोक्ती हे अलंकार त्यावरूनच. कौटिल्याने मापातील तफावतीच्या भरपाईसाठी घेतल्या जाणाऱ्या अधिभाराला ‘व्याजी’ म्हटले आहे, आणि मराठीत व्याज हे कर्जावरच चढते. ‘निर्व्याज’ या विशेषणाचा मूळ अर्थ बहाणा नसलेले. मराठी कानाला त्यात परतफेडीची अपेक्षा नसलेले असाही अर्थ ऐकू येतो, आणि त्या दुहेरी अर्थाने तो फेनेलाँच्या प्रेमापर्यंत सहज पोहोचतो. कर्ज बिनव्याजी असते, प्रेम, हसू, मैत्री निर्व्याज असते. समीक्षेपुढे मात्र हे विशेषण क्वचितच लागलेले दिसते.